अर्धी फवारणी आणि अर्धे औषध



सांगली आणि मिरज या दोन गावांच्या मध्ये, कुपवाडच्या जवळच, वानलेसवाडी नावाचा भाग आहे. आज तिथे घरे, दुकाने, शाळा अशी दाट वस्ती झाली आहे आणि रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्याला त्या नावाचे काही वाटत नाही. पण आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी हे नाव लोक आवाज खाली करून घेत. तिथे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम होते. "अमका वानलेसवाडीला ठेवलाय" एवढे म्हटले, की ऐकणारा काय ते समजून जाई.

तो काळ गेला. क्षयावर औषध निघाले, ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळू लागले, पूर्ण घेतले तर बहुतेक माणसे खडखडीत बरी होतात. तरी क्षय गेला नाही. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या भाड्याच्या खोलीत तो आहे, ऊसतोडीच्या कोपीत आहे आणि चांगल्या बागायतदाराच्या माडीवरही आहे. औषध असून रोग का जात नाही, हा प्रश्न आज साऱ्या जगाला पडलेला आहे. मी शेतकी खात्यातला माणूस, डॉक्टर नव्हे. पण या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुम्हाला-मला आपल्या शेतातच सापडते, म्हणून आज पिकाऐवजी माणसाच्या रोगावर चार शब्द लिहितो आहे.

राजरोग

आपल्याकडे हा रोग फार जुना. पुराणात गोष्ट आहे. दक्ष प्रजापतीच्या सत्तावीस मुली चंद्राला दिल्या, पण चंद्राचा जीव एकट्या रोहिणीवर. बाकीच्यांनी बापाकडे तक्रार केली आणि दक्षाने जावयाला शाप दिला की तुला यक्ष्मा होईल. चंद्र दिवसेंदिवस झिजू लागला. पुढे शापाला उतार मिळाला, म्हणून पंधरा दिवस तो झिजतो आणि पंधरा दिवस भरतो. झिजणे म्हणजेच क्षय. राजाला झाला म्हणून राजयक्ष्मा, राजरोग. जुन्या लोकांनी रोगाचे लक्षण किती अचूक टिपले होते, पाहा. अंगावरचे मांस उतरत जाते, हेच क्षयाचे मोठे चिन्ह.

डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. अमेरिकेत जाऊन १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. आपल्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही केली होती. पण त्या कामावर रुजू व्हायच्या आधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. वय अवघे एकवीस. त्याच्या पाच वर्षे आधी, २४ मार्च १८८२ रोजी, रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले होते. म्हणजे शत्रू दिसला होता, पण त्याला मारायचे हत्यार हाती नव्हते. स्वतः डॉक्टर असलेल्या बाईलाही तेव्हा वाचवता आले नाही.

आज ते हत्यार आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात पडून आहे. म्हणून आजचे क्षयाचे मरण अधिक जिव्हारी लागते.

आरोग्यधामापासून आपल्या घरापर्यंत

औषध नव्हते तेव्हा काय करीत? कॅनडात जन्मलेले मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय सुरू केले आणि मिरजेचे नाव देशभर झाले. क्षयरोग्यांचे आरोग्यधाम याच परंपरेतून उभे राहिले. त्या काळी जगात सगळीकडे उपचार एकच: कोरडी मोकळी हवा, भरपूर विश्रांती, दूध-अंडी आणि देवाची प्रार्थना. काही माणसे त्यावर तरत, पुष्कळ जात. आणि ज्याला महिनोन् महिने घर सोडून राहणे परवडत नसे, तो घरीच खोकत खोकत जाई.

१९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन सापडले. १९५२ साली आयसोनियाझिड आले. मग प्रश्न उभा राहिला, की आपल्यासारख्या गरीब देशात लाखो रोग्यांना आरोग्यधामात जागा कुठून आणायची? याचे उत्तर मद्रासच्या संशोधन केंद्राने दिले. १९५६ पासून त्यांनी रोग्यांचे दोन गट केले. एका गटाला आरोग्यधामात ठेवले, चांगले अन्न आणि विश्रांती दिली. दुसऱ्या गटाला शहरातल्या त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच ठेवून तीच औषधे दिली. वर्षभराने पाहिले तर दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले होते, आणि घरी राहिलेल्यांच्या कुटुंबात लागण जास्त झाली असेही दिसले नाही. हा निकाल १९५९ साली प्रसिद्ध झाला आणि साऱ्या जगाने क्षयाच्या उपचाराची पद्धत बदलली.

गरिबाचा रोगी घरीच बरा होतो, हे आपल्या देशाने जगाला दाखवून दिले. पण त्याबरोबर एक जबाबदारीही घरावर आली. आरोग्यधामात गोळी वेळेवर द्यायला परिचारिका होती. घरी ती कोण देणार?

लव्हाळ्याच्या गाठी

"खोकला थांबला, भूक लागली, वजन वाढले, मग सहा महिने गोळ्या कशाला?" हा प्रश्न दर घरात निघतो. त्याला शेतकऱ्याला पटेल असे उत्तर देतो.

शेतात लव्हाळा झाला आणि तुम्ही खुरपून काढला, तर दुसऱ्या दिवशी रान स्वच्छ दिसते. पण जमिनीत गाठी तशाच असतात. पाऊस पडला की आठ दिवसांत पुन्हा हिरवे. क्षयाच्या जंतूचेही तसेच आहे. पहिल्या दोन महिन्यांच्या गोळ्यांनी वाढणारे, धावणारे जंतू मरतात, म्हणून माणसाला बरे वाटते. पण काही जंतू सुस्त पडून असतात. ते वाढत नाहीत, म्हणून औषधाच्या तडाख्यातही लवकर येत नाहीत. त्यांना गाठायला पुढचे चार महिने लागतात. बरे वाटणे म्हणजे वरचे गवत गेले. बरे होणे म्हणजे गाठी गेल्या.

नेहमीच्या क्षयाला पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे, वजनाप्रमाणे, रोज घ्यायची असतात. सगळी औषधे एकाच गोळीत मिसळलेली असतात. चार कशाला, एक का नाही? याचाही धडा शेतात आहे.

द्राक्षबागायतदाराला विचारा. केवड्यावर किंवा भुरीवर एकच बुरशीनाशक पुन्हापुन्हा मारले, तर दोन-चार हंगामांत ते चालेनासे होते. प्रमाण कमी घेतले तर आणखी लवकर. औषधाने दुबळी बुरशी मरते, दणकट तेवढी उरते आणि पुढची सगळी प्रजा तिचीच होते. कापसाचे तर सर्वांना माहीत आहे. बीटी कापूस आला तेव्हा बोंडअळी संपली असे वाटले. त्याच्याभोवती साध्या कपाशीच्या ओळी लावा, असे सांगितले होते. त्या बहुतेकांनी लावल्या नाहीत. २०१७ च्या हंगामात विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात शेंदरी बोंडअळीने कपाशीची काय दशा केली, ती आपण पाहिली.

क्षयात नेमके हेच झाले. सुरुवातीला स्ट्रेप्टोमायसिन एकटेच देत. रोगी झपाट्याने सुधारत आणि काही महिन्यांत पुन्हा घसरत, कारण त्या एका औषधाला न जुमानणारे जंतू मागे उरत. तेव्हापासून दोन-तीन औषधे एकदम द्यायची रीत पडली. एकातून सुटलेला जंतू दुसऱ्यात सापडतो. पण रोगी मध्येच गोळ्या सोडतो, चार दिवस घेतो, आठ दिवस विसरतो, तेव्हा तो आपल्या छातीत दणकट जंतूंचे बियाणे तयार करीत असतो. आणि हे बियाणे त्याच्यापुरते राहत नाही. खोकल्याबरोबर ते घरात पेरले जाते. ज्याने आयुष्यात क्षयाची एकही गोळी घेतली नाही, अशा लहान मुलालाही मग पहिल्याच झटक्याला औषधाला दाद न देणारा क्षय होऊ शकतो.

अशा क्षयाला पूर्वी दीड-दोन वर्षे औषधे आणि महिनोन् महिने इंजेक्शने घ्यावी लागत. त्यांनी कोणाचे कान जात, कोणाचे मन ढासळे. आता नवी औषधे आली आहेत. त्यातल्या पुष्कळ रोग्यांसाठी सहा महिन्यांचा, नुसत्या गोळ्यांचा उपचार २०२४ साली आपल्या सरकारने मंजूर केला. ही मोठी सोय झाली. पण नवे औषध आले म्हणून पुन्हा अर्धवट घेतले, तर तेही निकामी व्हायला वेळ लागणार नाही.

साखळी कुठे तुटते?

एक चित्र डोळ्यांपुढे आणा. कोणा एकाचे नाव घेऊन सांगत नाही, असे घर तुमच्याही गावात असेल. घरची तीन एकर जमीन, त्यात अर्धा एकर द्राक्षे. थोरला मुलगा कुपवाडला कारखान्यात लागलेला. आणखी तिघांबरोबर एका खोलीत राहतो, रविवारी गावी येतो. पावसाळ्यात खोकला धरला. औषधाच्या दुकानातून लाल बाटली आणली. मग एका डॉक्टरांकडून सुई टोचून घेतली. दीड महिना गेला. संध्याकाळी अंग कोमट, रात्री घाम, सदरा ढगळ होऊ लागलेला. बायकोने हट्ट धरला तेव्हा कुठे बेडका तपासला. क्षय निघाला, गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत अंगावर तेज आले. तेवढ्यात बागेची ऑक्टोबर छाटणी आली. मजूर मिळेनात, दवाखान्यात जाऊन गोळ्या आणायला दिवस मोडतो. शिवाय तिथे ओळखीचे कोणी भेटले तर? "आता बरं वाटतंय की," असे म्हणून गोळ्या सुटल्या. बाग साधली. माल निघायच्या वेळी खोकला परत आला, या वेळी रक्तासकट. घरात चार वर्षांची मुलगी, तीही आता किरकिरी झाली आहे.

यात दोष कोणाचा? एकट्या मुलाचा म्हणून चालणार नाही. साखळी चार ठिकाणी तुटली.

पहिली कडी, उशिरा तपासणी. दोन आठवड्यांवर खोकला गेला की तो साधा खोकला समजायचा नाही, हे कोणी सांगितले नाही. उपचार न घेतलेला एक रोगी वर्षभरात दहा-पंधरा माणसांपर्यंत जंतू पोचवू शकतो. जंतू शिरला म्हणजे रोग झालाच असे नाही. शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच पुढे कधीतरी क्षय होतो. पण अंग खंगले, मधुमेह जडला किंवा दारू-तंबाखूने शरीर पोखरले, की झोपलेला जंतू उठतो.

दुसरी कडी, कामाचा हंगाम. आपल्याकडे माणूस आजारी पडतो तो शेतीच्या सवडीने नव्हे, पण औषध मात्र शेतीच्या सवडीने घेतो. छाटणी, ऊसतोड, हळद काढणी, बेदाणा, अशी एकामागून एक कामे असतात. कोयता घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्या मजुराचे तर फारच हाल. पण आता रोग्याची नोंद साऱ्या देशात एकाच यादीत होते. गाव सोडताना आधी सांगितले, तर जिथे जाल तिथल्या सरकारी दवाखान्यात त्याच गोळ्या पुढे चालू राहू शकतात. निघायच्या आधी सांगणे तेवढे महत्त्वाचे.

तिसरी कडी, लाज. लग्नाची मुलगी असेल तर तिचा खोकला घरच्या चार भिंतींत दाबला जातो. सून असेल तर तिला "हवापालटाला" माहेरी धाडतात आणि औषधाचा कागद सासरीच राहतो. ताट-वाटी वेगळी काढतात, पोराला आईजवळ जाऊ देत नाहीत. बंधूंनो, कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. क्षय ताटवाटीने पसरत नाही, कपड्यांनी पसरत नाही, हात लावल्याने पसरत नाही. तो खोकल्या-शिंकण्यातून हवेतून पसरतो. औषध नीट सुरू झाले, की काही आठवड्यांतच बहुतेक रोग्यांपासून लागण होण्याचा धोका पुष्कळ उतरतो. आणि गाठींचा, मणक्याचा, पोटाचा किंवा गर्भाशयाचा क्षय तर सहसा दुसऱ्याला लागतच नाही. तेव्हा ज्या सुनेला तुम्ही कोपऱ्यात बसवता, तिच्यापेक्षा ओसरीवर खोकत बसलेले, कधीही न तपासलेले आजोबा घराला जास्त धोक्याचे असू शकतात.

चौथी कडी, धूळ आणि कोंदट जागा. फौंड्रीत, दगडाच्या खाणीवर, क्रशरवर काम करणाऱ्यांच्या छातीत बारीक वाळूची धूळ बसते. अशा फुप्फुसात क्षय लवकर घर करतो. एका खोलीत चौघे झोपायचे आणि थंडी म्हणून खिडकी बंद ठेवायची, म्हणजे जंतूंची सोयच. क्षयाचा जंतू उन्हाला भितो. उघडी खिडकी हे बिनपैशाचे औषध आहे.

रिकाम्या पोटी गोळी लागू पडत नाही

आपण म्हणतो, खतपाणी दिलेले पीक रोगाला लवकर बळी पडत नाही. माणसाचेही तेच. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात एक मोठा प्रयोग झाला. क्षयाच्या २,८०० रोग्यांना औषधाबरोबर दरमहा दहा किलोंचे अन्न दिले: तांदूळ, डाळ, दूध पावडर आणि तेल. त्यातल्या निम्म्या घरांत बाकीच्या माणसांनाही तांदूळ आणि डाळ दिली. ज्या घरांत सगळ्यांना अन्न मिळाले, तिथल्या माणसांत नवा क्षय जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी झाला. छातीच्या खात्रीशीर क्षयाचे प्रमाण तर जवळजवळ निम्म्यावर आले. ज्या रोग्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढले, त्यांच्यातले मृत्यूही फार कमी झाले. २०२३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डाळ-तांदूळ हे जवळपास लशीसारखे काम करते, असे म्हणायला हरकत नाही.

याचा अर्थ घरच्या बाईने ओळखावा. रोग्याला महागडी पावडर आणायची गरज नाही. भाकरी, घट्ट डाळ, मूठभर शेंगदाणे, मोड आलेली मटकी, पालेभाजी, जमल्यास रोज एक अंडे आणि दूध. हे सारे आपल्याच रानात, आपल्याच परड्यात आहे. खंत एवढीच, की आपण ते विकतो आणि घरच्यांच्या ताटात चटणी-भाकरी वाढतो. त्यातही सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेले बाई खाते. क्षय झालेल्या बाईच्या ताटात आधी वाढा. त्यासाठी तिच्या परवानगीची वाट पाहू नका. ती "मला नको" म्हणेलच.

दुधाबद्दल एक सूचना, ही मात्र माझ्या खात्याच्या जवळची. गाई-म्हशींनाही क्षय होतो आणि त्याचा जंतू दुधातून माणसात येऊ शकतो. म्हणून धारोष्ण दूध पिऊ नये, मुलांना तर मुळीच देऊ नये. दुधाला चांगली उकळी आणून प्यावे, जंतू मरतो. एखादे जनावर खुराक खाऊनही रोडावत असेल, बरेच दिवस ढासत असेल, तर पशुवैद्यकांना दाखवा.

जगाची लढाई

हा केवळ आपल्या तालुक्याचा प्रश्न नाही. १९९३ साली जागतिक आरोग्य संघटनेने क्षयरोग ही जगावरची आणीबाणी असल्याचे जाहीर केले. त्यानंतर तीन दशके गेली. तरी २०२४ या एका वर्षात जगभर सुमारे १ कोटी ७ लाख माणसांना क्षय झाला आणि सुमारे १२ लाख ३० हजार माणसे त्याने दगावली. जगातल्या दर चार नव्या रोग्यांपैकी साधारण एक आपल्या देशातला होता.

आपण काहीच केले नाही असे नाही. १९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला. १९९७ पासून समोर बसवून गोळी घ्यायला लावण्याची पद्धत आली आणि २००६ पर्यंत ती देशभर पोचली. २०१५ साली देशात दर लाख लोकांत वर्षाला २३७ जणांना क्षय होत असे. २०२४ साली हा आकडा १८७ वर आला. उतार चांगला आहे. पण २०२५ अखेर देशातून क्षय हटवायचा, असे २०१८ साली ठरवले होते, ते काही साधले नाही. जगाचे उद्दिष्ट २०३० चे आहे, आणि तेही सोपे दिसत नाही.

अडचणी कोणत्या? लस एकच, बीसीजी. ती १९२१ साली प्रथम वापरली गेली. बाळाला जन्मल्यावर दिली तर क्षयाच्या गंभीर प्रकारांपासून ती त्याला जपते, पण मोठेपणी छातीचा क्षय ती भरवशाने रोखत नाही. नव्या लशीची मोठी चाचणी २०२४ साली दक्षिण आफ्रिकेत सुरू झाली, निकालाला वेळ आहे. दुसरी अडचण पैशाची. गरीब देशांतल्या क्षयाच्या कामाला अमेरिकेकडून मोठी मदत जात असे, ती २०२५ साली एकदम आखडली. पुरवठ्याचेही असेच. २०२४ च्या सुरुवातीला आपल्याच देशात काही ठिकाणी गोळ्यांचा तुटवडा पडला आणि रोग्यांना हेलपाटे घालावे लागले. रोग्याला "एक दिवसही चुकवू नका" म्हणायचे आणि खिडकीवर "उद्या या" म्हणायचे, हे बरोबर नाही. कालव्याला पाणीच सोडले नाही तर पाळी चुकल्याचा दोष शेतकऱ्याला देऊन काय उपयोग? अशा वेळी ग्रामपंचायतीने वरपर्यंत बोलले पाहिजे.

चांगल्या बाजूला पाहायचे तर तपासणी फार सुधारली. आपल्या शेजारच्या गोव्यात तयार झालेले ट्रूनॅट नावाचे यंत्र बॅटरीवर चालते, लहान दवाखान्यातही बसते, आणि बेडक्यात क्षयाचा जंतू आहे की नाही हे काही तासांतच सांगते. जंतू मुख्य औषधाला जुमानतो की नाही, तेही कळते. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली.

यंत्र, औषध, यादी, पैसा हे सगळे सरकारचे काम. पण रोजची गोळी सहा महिने रोग्याच्या तोंडात जाते की नाही, हे कोणत्याही सरकारला दिल्लीत बसून पाहता येत नाही. ते घरातल्या माणसालाच पाहावे लागते.

आपण काय करावे?

१. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, भूक मंदावणे, वजन घटणे, बेडक्यात रक्त, मानेला गाठी. यातले काहीही असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन बेडका तपासा. तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहेत. सांगली-मिरजेतल्या सरकारी रुग्णालयांतही सोय आहे.

२. बेडका म्हणजे लाळ नव्हे. सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून काढलेला बेडका द्यावा. नुसती थुंकी दिली तर असलेला रोगही सापडत नाही.

३. गोळ्या सुरू झाल्यावर लघवी नारिंगी होते. घाबरू नका, ते औषधाचा रंग आहे. मात्र डोळे पिवळे होणे, सारख्या उलट्या, नजर धूसर होणे असे झाले तर लगेच डॉक्टरांकडे जा. औषध आपल्या मनाने थांबवू नका, आपल्या मनाने रेटूही नका. गोळ्या चालू असताना दारू म्हणजे यकृतावर दुहेरी घाव.

४. घरात एक माणूस गोळीचा राखणदार ठेवा. शाळेत जाणारी मुलगी असेल तर उत्तम. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज एक फुली मारायला तिला सांगा. घरातले हिशेब ती नीट ठेवते, हाही ठेवील.

५. रोग्याच्या घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या, लहान मुलांची आधी. ज्यांना रोग नाही त्यांनाही तो होऊ नये म्हणून गोळ्या मिळतात. बी उगवण्याआधीच काढले तर खुरपणी वाचते.

६. उपचार चालू असेपर्यंत रोग्याच्या बँकखात्यात आहारासाठी सरकारी मदत जमा होते. २०१८ साली ती महिना ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली. खात्याचा कागद आशाताईंकडे द्यायला लाजू नका. काही अडले तर १८००-११-६६६६ या फुकट क्रमांकावर विचारता येते.

७. मधुमेह असेल तर साखर तपासत राहा. क्षय असेल तर मधुमेह तपासा आणि मधुमेह असेल तर क्षय. दोघे जोडीने येतात.

आणि शेवटची गोष्ट गावासाठी. २०२२ पासून सरकारने "निक्षय मित्र" ही योजना सुरू केली आहे. कोणीही माणूस किंवा संस्था एखाद्या रोग्याच्या आहाराचा भार सहा महिने उचलू शकते. आपल्याकडे दूध संस्था आहेत, सोसायट्या आहेत, गणपतीची मंडळे आहेत, बचत गट आहेत. मंडळाने एका वर्षी मांडवाची एक कमान कमी उभारली, तरी गावातल्या एक-दोन रोग्यांची डाळ, तेल आणि अंडी सहा महिने निघतील. कोणाचे नाव चावडीवर वाचायचे नाही, फोटो काढायचा नाही. आशाताईंना विचारायचे आणि पिशवी गुपचूप घरपोच करायची.

फवारणी अर्धी सोडली तर एका हंगामाचे पीक जाते. ते पुढच्या हंगामात भरून निघते. गोळी अर्धी सोडली तर जे जाते, ते कुठल्याच हंगामात परत येत नाही. या आठवड्यात तुमच्या घरात, वाड्यात किंवा वस्तीवर दोन आठवड्यांपेक्षा जास्त कोण खोकते आहे, ते बघा. असेल तर बाजाराच्या दिवशी त्याला गाडीवर मागे बसवा आणि आधी दवाखाना, मग बाजार करा.